फवारणीच्या दिवशी वू-वेई

समोर कोणी येऊन बसलं की मी आधी त्याच्या डोळ्यात बघते. बुबुळाच्या मधोमध जी काळी बाहुली असते ना, ती केवढी आहे ते बघते. दूधवाला असो, अंगणवाडीची बाई असो, लग्नाची पत्रिका द्यायला आलेले पाहुणे असोत. लोकांना वाटतं म्हातारीला कमी दिसायला लागलं म्हणून इतकी जवळ तोंड आणते. वाटू दे. मला चांगलं दिसतं, आणि दिसतं म्हणूनच भीती वाटते.

ही भीती मला दोन वर्षांपूर्वी एका दुपारी लागली. ती कशी लागली हे सांगायचं तर आधी चीनबद्दल सांगावं लागेल. हसू नका. आमचं गाव दारव्ह्याहून काळीपिवळी जीपनं अर्ध्या तासावर, फाट्यावर उतरून पुढे पायी. तिथं पऱ्हाटी म्हणजे कपाशी, सोयाबीन आणि तूर याशिवाय काही पिकत नाही. पण चीन माझ्या घरात आला होता, झेरॉक्सच्या कागदांवर.

मी चौथी शिकलेली. पुढची शाळा घरातच केली. पोरगा शाळेत जायचा तेव्हा त्याच्या पुस्तकांवर मी सातवीपर्यंत आले. मग तो शेतीला लागला आणि माझीही शाळा सुटली. नात शाळेत जायला लागली तशी ती पुन्हा भरली. ती आठवीत गेली की मी आठवीत, ती दहावीत की मी दहावीत. बीजगणित मला शेवटपर्यंत जमलं नाही, बाकी सगळं वाचलं. पुढे तिनं अमरावतीला तत्त्वज्ञान घेऊन एम.ए.ला नाव घातलं तेव्हा माझी जाऊ म्हणाली, "त्याच्यात नोकरी लागते काय व?"

मी म्हटलं, "तिले लागो का न लागो, तिच्या आजीचं तर एम.ए. होऊन राह्यलं ना."

त्या वर्षी पोळ्याला नात घरी आली ती कागदांचा हा मोठा गठ्ठा घेऊन. चीन, जपान, कोरिया, तिकडचे धर्म आणि विचार. आम्ही दोघी सपरीत, म्हणजे घरापुढच्या पडवीत, मुगाच्या शेंगा सोलत बसायचो. ती वाचायची, मी विचारायची. तिनं वहीत एक गोल काढून दाखवला. अर्धा काळा, अर्धा पांढरा, मधली रेघ नदीसारखी वळलेली.

"हे यिन, हे यांग," ती म्हणाली. "सावली आन् ऊन. ओलं आन् कोरडं. एक वाढते तवा दुसरं घटते, मंग उलटं. आन् हे पाह्य आजी, काळ्यात हा पांढरा ठिपका, पांढऱ्यात हा काळा."

"हा ठिपका कायले?"

"काहीच पुरं काळं नसते, काहीच पुरं पांढरं नसते म्हणून."

"तुया आजोबाले दाखवाले पाहिजे होतं. त्यायले सगळं एक तर काळं, नाही तर पांढरं."

एक शब्द होता 'रेन'. माणुसकी, दुसऱ्याबद्दलची कळकळ. तिनं त्याचं चिनी अक्षर काढलं, बाजूला माणूस आणि शेजारी दोन रेघा, म्हणजे दोनचा आकडा. एकट्यानं माणूस होता येत नाही, दुसरा लागतो, असं ती म्हणाली. मला ते फार आवडलं. मग 'ली' आली. ली म्हणजे रीत. कोणी कोणाला कसं वाकायचं, निरोप कसा घ्यायचा, पितरांना कसं वाढायचं. तिकडच्या जुन्या जाणत्यांचं म्हणणं असं की रीत हा देखावा नाही, ती पाळता पाळता माणूस आतून घडतो.

मी म्हटलं, ही तर आपल्या घरातही आहे. आमच्या घरात उंबरठ्याबाहेर पाऊल टाकायचं तर घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला "येतो" म्हणायचं, आणि त्यानं "ये" म्हणेपर्यंत थांबायचं. माझी सासू रागात असली की मला पाण्याची गुंडी डोक्यावर घेऊन उंबरठ्यात उभी ठेवायची, "ये" म्हणायची नाही. आता सगळ्यात मोठी मी आहे. मी कोणाला ताटकळत ठेवत नाही, पण विचारल्याशिवाय कोणी जात नाही. सूनबाईला घरात येऊन तेवीस वर्षं झाली होती, तोवर एकदाही गेली नव्हती.

मग 'श्याओ'. आईबापाचा मान राखणं, त्यांची सेवा. हे ऐकून तर माझी छातीच फुगली. माझा एकुलता एक पोरगा चाळिशी ओलांडलेला, पण माझ्या शब्दाबाहेर नाही. "तुया बाप चीनमध्ये पाहिजे होता," मी म्हटलं.

"पण आजी, त्याच्यात अजून एक हाय," नात म्हणाली. "आईबाप चुकत असतीन तर पोरानं अडवाले पाहिजे. हात जोडून, पण अडवाले पाहिजे. चूप राह्यला तर तो खरा श्याओ नाही."

मी शेंगा सोलत राहिले. ते पान मी फारसं मनावर घेतलं नाही. कोणती आई घेईल?

शेवटी आली 'वू-वेई'. ताओ म्हणजे वाट, सगळ्या जगाचं चालणं ज्या वाटेनं होतं ती. आणि वू-वेई म्हणजे त्या वाटेच्या आड न येणं, जोर न लावणं, न करणं. आता तुम्हीच विचार करा. सहा वर्षांची होते तेव्हापासून मी करतेच आहे. निंदण, वेचणी, चुल्हा, गोठा, बाळंतपणं. जन्मात पहिल्यांदा कोणी मला सांगत होतं की न करण्यातही मोठेपण असतं. नात पुढे काही सांगत होती, पण मी ऐकणं तिथेच थांबवून शेंगा घेऊन आत गेले. मला पाहिजे होतं ते मिळालं होतं.

नात अमरावतीला परत गेली आणि आठवड्यातच आमची गाय व्यायला झाली. वेळ लागला. शेजारचे दोघं आले, म्हणाले, दोरी लावून ओढू. मी म्हटलं, हात लावायचा नाही. मी गोठ्यात तिच्यापाशी बसून राहिले आणि कालवड आपल्या पायांनी आली. त्या दिवसापासून घरात माझी वू-वेई सुरू झाली. दूध उतू जाताना सूनबाई धावली की मी म्हणायची, "राहू दे, जोर नको लावू." ती हसायची. "आई, सांडलेलं दूध तुमची वू-वेई पुसन काय?"

दसऱ्याला थोडे दिवस राहिले होते. त्या वर्षी पऱ्हाटी अशी वाढली होती की माणूस आत शिरला की दिसायचा नाही. बोंडअळी पडली. मजूर मिळेना. पोरगा म्हणाला, मीच फवारतो. सकाळी पंप पाठीवर घेऊन उंबरठ्यात उभा राहिला.

"मा, येतो."

"ये," मी म्हटलं. तोंडाला रुमाल बांध, असंही म्हटलं. त्यानं बांधला असेल. त्या दिवशी वारा बिलकूल नव्हता, अंगाला चिकटणारा उकाडा होता. डोक्याच्या वर वाढलेल्या झाडांवर फवारा मारायचा म्हणजे नळी वर धरावी लागते आणि मारलेलं सगळं परत आपल्याच अंगावर उतरतं. दोन बाटल्यांतलं औषध एकत्र करून मारलं होतं त्यानं. असं सगळेच मारतात.

दोनच्या सुमाराला तो परत आला. सदरा ओला होता, मला वाटलं घामानं. सपरीच्या पायरीशी त्याला एक उलटी झाली. "मा, गरगर करून राह्यलं," म्हणाला आणि बाजेवर आडवा झाला, त्याच सदऱ्यात.

आता आमच्याकडे काय करतात ते सांगते. फवारणीवरून आलेल्या माणसाला गरगरलं तर त्याला लिंबाचं पाणी देतात, गूळ देतात आणि झोपू देतात. उन्हाचं आहे, पित्ताचं आहे म्हणतात. माझ्या नवऱ्याला मी असंच झोपवलं होतं कितीदा, ते उठून संध्याकाळी बैलांना चारा टाकायचे. मी लिंबू पिळलं. त्याला पाजलं. अर्धं बाहेर आलं.

सूनबाई म्हणाली, "आई, ह्यायले दवाखान्यात नेऊ."

मी म्हटलं, "जरा पडू दे. झोप लागली की उतरते."

"मले नाही बरं वाटून राह्यलं."

"प्रत्येक गोष्टीले ढकलावं नाही, बाई. आपली आपण वाटेनं जाऊ द्यावं."

खरंच म्हटलं मी हे. त्या कागदांतून आलेलं, माझ्या तोंडून, माझ्या पोराच्या बाजेपाशी. सूनबाईनं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं डोळे मिटूनच म्हटलं, "मा म्हणते तं पडू दे मले." झालं. श्याओ. ती त्याच्या उशाशी बसली.

मी जाऊन उंबरठ्यात बसले. पाठ त्याच्याकडे, तोंड अंगणाकडे. हे नीट लक्षात ठेवा, कारण मला ते अजून विसरता येत नाही. मी स्वतःला सांगत होते की मी वाट पाहते आहे. अंगणात कोंबड्या होत्या, त्या मी मोजत होते. सहा. परत सहा. मागून त्याच्या श्वासाचा आवाज यायला लागला होता, ओल्या चिखलातून पाय काढताना येतो तसा. नातीच्या कागदांत एक 'ची' होती, सगळ्या सजीवांत वाहणारी प्राणशक्ती, श्वासासारखी. मला तेव्हा ती आठवली. तरी मी वळले नाही. वळले असते तर मला दिसलं असतं, आणि दिसलं असतं तर मग काहीतरी करावं लागलं असतं. एक तास मी अशी बसले.

"आई," सूनबाईचा आवाज आला. "ह्यायचे डोळे पाहा."

तिच्या आवाजात काही नव्हतं, ना रडणं ना ओरडणं. म्हणून मी उठले.

उशी लाळेनं भिजलेली. कपाळावर घाम असा की पुसला तरी थेंब उभे. धोतराखाली मांडीचं मांस थरथरत होतं, एकाच जागी, आत काही किडे वळवळत असल्यासारखं. सूनबाईनं दोन बोटांनी त्याची पापणी वर धरली होती. त्याचे डोळे माझ्यासारखे, तपकिरी. त्या तपकिरीच्या मधोमध काळी बाहुली असते, ती नव्हती. म्हणजे होती, पण टाचणीच्या टोकाएवढी. उजेडाकडे बघत नव्हता, कशाकडेच बघत नव्हता, तरी ती इतकी बारीक.

मला नातीच्या वहीतला गोल दिसला आणि त्यातला ठिपका. तो ठिपका विझत होता.

माझे पाय कसे उंबरठ्यापर्यंत परत गेले ते मला माहीत नाही. मी पुन्हा तिथेच बसले. माझे हात उचलेनात, जीभ हलेना. या वेळी मी वाट पाहत नव्हते. मी गोठले होते. माझ्या नवऱ्याला जाळताना मी रडले होते, पण अशी कधी झाले नव्हते. डोक्यात एकच फिरत होतं, सकाळी मीच "ये" म्हटलं.

सूनबाई आतून आली. हातात पिशवी, पिशवीत दोन्ही रिकाम्या बाटल्या. ती उंबरठ्याशी थांबली नाही, "येतो" म्हटलं नाही. तेवीस वर्षांत पहिल्यांदा. मी दारात बसलेली, वाट अडवून.

"आई, बाजूले व्हा," ती म्हणाली.

मी झाले नाही. मला होताच आलं नाही. तिनं लुगड्याचा ओचा वर खोचला आणि माझ्या खांद्यावरून पाय टाकून बाहेर गेली. तिचा पाय माझ्या पदराला लागला. शेजाऱ्याची सोयाबीन न्यायची गाडी अंगणात आली तेव्हा तिनंच पोराला एका बाजूनं धरलं, दुसऱ्या बाजूनं शेजाऱ्यानं. आणि मग तिनं मला हाताला धरून उठवून गाडीत बसवलं, लहान पोरीसारखं.

दारव्ह्याच्या दवाखान्यात डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी आधी काय विचारलं, तर फवारलं काय. सूनबाईनं बाटल्या पुढे केल्या. त्यांनी एक नजर टाकली आणि सदरा कापून काढायला लावला, साबणानं सगळं अंग धुवायला लावलं, केसांसकट. पहिलं इंजेक्शन तिथेच दिलं. मग रुग्णवाहिकेतून यवतमाळ. रस्त्यात तो श्वास घ्यायचा आणि पुढचा लवकर यायचा नाही. मी त्याच्या छातीवर हात ठेवून होते. येईपर्यंत माझाही येत नव्हता.

यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात त्याला आतल्या खोलीत ठेवलं. पहिल्या संध्याकाळी आम्हाला थोडा वेळ आत सोडलं. नर्स दर थोड्या वेळानं येऊन त्याच्या डोळ्यावर बॅटरी मारायची, छातीला नळी लावून ऐकायची, सुईतून थोडंसं औषध सोडायची, पुन्हा बघायची. घाई नाही, थांबणं नाही. मी तिला विचारलं, हे कसलं औषध. ती म्हणाली, "आजी, धोतऱ्याच्या जातीच्या झाडांत असते ते. हेपण एक विषच समजा. अंगातल्या विषाले हे उलटं पाडते. पण जास्त झालं तर हेच मारते. म्हणून डोळे पाहत राहावं लागते."

दुसऱ्या दिवशी सकाळी आत गेले तर त्याच्या बाहुल्या इतक्या मोठ्या झालेल्या की तपकिरी रंगच दिसेना. सगळं काळं. तोंड लालबुंद, ओठ कोरडे, आणि तो हवेतून काहीतरी वेचत होता. बोटांनी, अगदी बोंडातून कापूस काढतात तसं. मला ओळखलं नाही. मी मागे सरकले ती भिंतीला टेकले. काल पांढऱ्यानं काळ्याला खाल्लं होतं, आज काळ्यानं सगळं खाल्लं. त्या गोलाचं चित्र सपरीत बसून पाहायला किती छान वाटलं होतं.

"औषध कमी करतो आता," डॉक्टर म्हणाले. "होते असं. पण अजून काही सांगता येत नाही."

बाहेरच्या ओसरीत माझ्याशेजारी एक बाई होती, तिचाही माणूस फवारणीचाच, तिकडे दूर तांड्यावरचा. तिची बोली मला अर्धीच कळत होती. आतून नर्स कोणाचंही नाव घेऊन आली की आम्ही दोघी एकमेकींचा हात धरायचो. नाव दुसऱ्याच कोणाचं निघालं की सोडायचो. माणूस आणि शेजारी दोन रेघा, ते अक्षर मला तिथं वाचता आलं. तिचा माणूस तिसऱ्या दिवशी गेला. त्यानंतर मी माझे हात पदराखाली ठेवले.

नात अमरावतीहून आली होती. आवारात कडुलिंबाखाली सिमेंटचा बाक आहे, तिथं मी तिला घेऊन गेले. मला कोणाला तरी सांगायचं होतं आणि सूनबाईला सांगायची हिंमत नव्हती.

"पोरी, मी तुया बापावर वू-वेई केली," मी म्हटलं.

तिला कळेना. मी सगळं सांगितलं. लिंबाचं पाणी, ढकलू नको म्हटलं ते, एक तास. ती रागावेल असं मला वाटलं. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं बाकावरचा कडुलिंबाचा पाला झाडला आणि विचारलं, "आजी, गाय व्यायली तवा तू काय करून राह्यली होती?"

"काहीच नाही. बसून होती."

"बसून काय करत होती?"

मी आठवलं. "पाहत होती. दोन्ही खूर दिसते काय, नाक दिसते काय. कळ येते का थांबली. एक खूर मागं राह्यला असता तर मीच हात घातला असता."

"मंग बाबाजवळ बसली तवा?"

कोंबड्या. सहा कोंबड्या.

"मी सांगत होती तुले पोळ्याले," ती हळू म्हणाली. "वू-वेई म्हणजे पाठ फिरवणं नाही. उलटं पाहत राहावं लागते, सतत. म्हणून जोर लावाची गरज पडत नाही. पण तू शेंगा घेऊन आत गेली."

मी शेंगा घेऊन आत गेले होते, खरंच. आतल्या खोलीतली ती नर्स मला दिसली, बॅटरी, थोडंसं औषध, पुन्हा बॅटरी. मला जे कागदावरून कळलं नाही ते ती पगारावर रोज करत होती.

पाचव्या दिवशी त्यानं मला ओळखलं. "मा, तोंड कोरडं पडलं," म्हणाला. त्याच्या बाहुल्या मधल्या झाल्या होत्या, जशा असाव्या तशा. मी बाहेर येऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिले बराच वेळ.

घरी आल्यावर दोनेक आठवड्यांनी सूनबाई आणि मी सोयाबीनमधला कचरा काढत होतो. ती एकदम म्हणाली, "आई, त्या दिवशी मी तुम्हाले न विचारता गेलती. वरून तुमच्या अंगावरून पाय टाकला."

हे ती इतके दिवस मनात ठेवून होती. तिच्या नवऱ्याचा जीव तिनं वाचवला होता आणि तिला माझा पदर सलत होता.

मी म्हटलं, "बरं झालं. विचारलं असतं तं मी थांब म्हटलं असतं."

"माहीत होतं," ती म्हणाली. "म्हणूनच नाही विचारलं."

आणि आम्ही दोघी हसलो, थोडंसं, घाबरत. तिला चीनमधलं काही माहीत नव्हतं, पण त्या कागदांतलं जे पान मी शेंगा सोलत टाळलं होतं, ते तिनं माझ्या खांद्यावरून चालून दाखवलं होतं. लेकरानं अडवायला पाहिजे, असं लिहिलं होतं. सूनही लेकरूच की.

आता ही गोष्ट इथं संपली असती तर मी रोज लोकांच्या डोळ्यात बघत बसले नसते. पण कापूस आहे तिथं अळी आहे. मागच्या वर्षी त्यानं झाडं दाट होऊ दिली नाहीत, दोन बाटल्या एकत्र करायच्या नाहीत असं ठरवलं, सूनबाईनं हातमोजे आणले, तोंडाला आवळून बसणारा मुखवटा आणला, डोळ्यांवर पाणी आत न जाणारा चष्मा आणला. तरी एक सकाळ अशी आलीच की तो पंप पाठीवर घेऊन उंबरठ्यात उभा राहिला.

"मा, येतो."

माझ्या तोंडून "ये" निघेना.

तो उभा राहिला. पंपात पाणी होतं, पट्टे खांद्यात रुतत होते, ते मला दिसत होतं. त्यानं मला घाई केली नाही, आणि माझ्या 'ये'वाचून गेलाही नाही. माझी सासू मला उभी ठेवायची तसा मी त्याला उभा ठेवला होता, फरक एवढाच की मला राग नव्हता. मी "नाही" म्हणाले असते तर त्यानं पंप उतरवून ठेवला असता. ते मला त्याहून भयंकर वाटलं. मागच्या वेळी माझ्या एका शब्दावर तो पडून राहिला होता.

सूनबाई आतून म्हणाली, "आई, अळी तुमच्या 'ये'साठी थांबणार नाही. हो म्हणा नाही तं नाही म्हणा, त्यायचे खांदे दुखून राह्यले."

मी उठले. काठी घेतली, पाण्याचा गडवा घेतला, साबणाची वडी पदरात बांधली. पोरगा म्हणाला, "मा, तू कुठं?"

"चल तू पुढं," मी म्हटलं.

वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बाभळीखाली बसले, वारा ज्या अंगानं येत होता त्या अंगाला, म्हणजे फवारा माझ्याकडे येणार नाही. तो ओळींमध्ये शिरला. त्याचं डोकं दिसत होतं, तेवढ्यासाठीच झाडं विरळ ठेवली होती. पंपाचा आवाज ऐकत होते. आवाज थांबला की मी अर्धी उठायची, पुन्हा सुरू झाला की बसायची. कोंबड्या मोजायला नव्हत्या. मी एकदाही दुसरीकडे पाहिलं नाही.

एक टाकी संपली की मी हाक मारायची. तो यायचा. मोजे काढायला लावायची, हात कोपरापर्यंत साबणानं धुवायला लावायची, मग चष्मा वर.

"वाक," मी म्हणायची. "डोळे दाखव."

तो कमरेत वाकायचा, डोक्याचे केस पांढरे व्हायला लागलेला माणूस, आणि उन्हाकडे तोंड करून डोळे उघडे ठेवायचा. "दिसला काय तुया ठिपका?"

"चूप राह्य. हलू नको."

शेजारच्या वावरातल्या बाया पाहत होत्या. त्यातली एक म्हणाली, "काय व, पोराची नजर काढून राह्यली काय?" मी म्हटलं, "हो. दर टाकीले."

चौथ्या टाकीला ऊन चढलं होतं. त्याच्या बाहुल्या उन्हानं थोड्या बारीक झाल्या होत्या. मी माझ्या हातानं त्याच्या डोळ्यांवर सावली धरली. थांबले. बाहुल्या हळूहळू मोठ्या झाल्या, सावलीला उत्तर दिल्यासारख्या. मी हात काढला, त्या लहान झाल्या. पुन्हा धरला, मोठ्या झाल्या.

"झालं काय, मा?"

"झालं. जा," मी म्हटलं.

तो चष्मा लावून, मोजे घालून ओळीत शिरला तेव्हा मला आठवलं की जाताना "जा" म्हणायचं नसतं. मी बाभळीला धरून उभी राहिले आणि त्याचं डोकं दिसत होतं त्या दिशेनं, पंपाच्या आवाजाच्या वर जाईल इतक्या जोरात म्हटलं, "ये."